अनसूयाबाईंचे कापडी बूट

सावरून बसा, मंडळी! तबलजी, हात जरा थांबवा. पेटी चालू राहू दे — हळू, अगदी हळू. आख्यान लावण्याआधी एक विचारतो. देवळात बसलाय, खरं बोला हं! आत्ता, या घटकेला, तुमच्यापैकी किती जणांचं अर्धं लक्ष बाहेर काढून ठेवलेल्या चपलांकडे आहे?

हसू नका! ते खांबाजवळचे काका मघापासून सारखी मान वळवून दाराकडे बघताहेत. काका, नव्या आहेत ना? ... वाटलंच! आणि त्यांच्या शेजारचे आजोबा बघा — डोळे मिटून कसे डोलताहेत! का? त्यांच्या चपला न्यायला चोरसुद्धा तयार नाही! ज्याच्या चपला जुन्या, त्याचं कीर्तन पूर्ण. ज्याच्या नव्या, त्याचं निम्मं!

तर आजचा प्रश्न असा. माणूस घराबाहेर पडतो — सहलीला म्हणा, यात्रेला म्हणा — तेव्हा अंगावर जे चढवतो, पायात जे अडकवतो, ते कुणासाठी? स्वतःच्या अंगासाठी? देवासाठी? की शेजारणीच्या डोळ्यांसाठी?

बायकांच्या बाजूला एकदम शांतता! आणि पुरुषांनी हसायचं कारण नाही. भर मे महिन्यात, लग्नाच्या मांडवात, कोट घालून घामाने निथळणारे नवरदेवाचे काका मी पाहिलेत. विचारलं, ‘काढा की हो कोट.’ तर म्हणाले, ‘बुवा, आतला शर्ट इस्त्रीचा नाही!’

असो. उत्तर मी देणार नाही. उत्तर अनसूयाबाई देतील. ऐका!

कृष्णाकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, तिथेही माझं कीर्तन असतं! त्या गावात वरच्या आळीला एक महिला भजनी मंडळ. आणि त्या मंडळात आपल्या अनसूयाबाई घळसासी. साठी ओलांडलेली. अंगाने जरा स्थूल, स्वभावाने भिडस्त. पण गळा? अहाहा! सूर लावला की रस्त्याने जाणारा माणूस सायकलवरून उतरायचा!

आता या बाईचं नाव अनसूया का ठेवलं? दत्ताच्या आईचं नाव म्हणून. माहेरी दत्ताची उपासना. आई लहानपणी तिला मांडीवर घेऊन सांगायची — ‘बाळ, खाली कोकणात अवधूतगड आहे. वर महाराजांच्या पादुका आहेत. मला काही जमलं नाही. तू एकदा जा आणि माझं पद पादुकांपुढे म्हण.’ ते पद आईने स्वतः रचलेलं. साधंच होतं, पण लेकीला पाठ.

झालं! लेक मोठी झाली, लग्न झालं. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांचं केलं. मुलांच्या शाळा आल्या, नातवंडं आली. दर सुट्टीत सगळे कुठे कुठे जायचे, आणि अनसूयाबाई? डबे भरून द्यायच्या! असं करता करता गुडघे म्हणाले, ‘बाई, आता आम्ही नाही!’

पण मंडळी, इच्छा कधी म्हातारी होते का हो? डॉक्टर म्हणाले, ‘रोज चाला.’ सून केतकी — भली पोर — तिने सासूबाईंना कापडी बूट आणून दिले. मऊ तळ, रुंद पंजा, वजनाला पिसासारखे. अनसूयाबाई ते बूट घालून रोज चालू लागल्या. पण कधी? उजाडायच्या आत! का? साडीवर बूट! कुणी बघितलं तर! फटफटलं की बाई लगबगीने घरात, आणि बूट न्हाणीघराच्या दारामागे.

अशा पुष्कळ महिने चालल्या. नदीचा घाट चढायच्या, उतरायच्या. बूट पायासारखे झाले आणि पाय बुटासारखे. कुणाला पत्ता नाही!

आणि एके दिवशी मंडळाच्या प्रमुख मंदाकिनीबाईंनी जाहीर केलं — ‘बायांनो, उन्हाळी सहल काढायची! कोकणात! एक दिवस समुद्र, दुसऱ्या दिवशी अवधूतगड, वर पादुकांपुढे भजन!’

अनसूयाबाईंच्या हातातला टाळ तसाच राहिला. डोळ्यांत टचकन पाणी. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, ते असं चालत दाराशी आलं!

पण मंदाकिनीबाई थांबल्या कुठे? म्हणाल्या, ‘आणि एक! खालच्या आळीच्या मंडळाचा फोटो पेपरात आला होता. विसरलात? आपण सगळ्यांनी एकसारखं दिसायचं! मोतिया रंगाची, जरीच्या काठाची साडी. आणि पायात सोनेरी पट्ट्याचे, टाचेचे सँडल!’

टाचेचे सँडल! कुठे? गडावर! मंडळी, शत्रूसुद्धा असा सल्ला देणार नाही! पण एका बाईने ‘नको’ म्हटलं का? छे! मनात प्रत्येकीच्या — ‘बाई गं, माझे पाय!’ आणि तोंडाने? ‘अय्या, किती छान!’ हे फक्त भजनी मंडळात होतं असं समजू नका. आपल्या गावच्या सभेतही हेच होतं!

आता बॅग भरायचा प्रसंग ऐका. पलंगावर बॅग उघडी. अनसूयाबाई साड्या रचताहेत. मंडळाची मोतिया. समुद्रासाठी निळी. बसमध्ये बसायला एक, बसमधून उतरायला एक! वर ठेवणीतली पैठणी — ‘असू दे, कुणी काही कार्यक्रम ठेवला तर!’ कोकणात कोण यांच्यासाठी कार्यक्रम ठेवून बसलंय?

वामनराव, म्हणजे यजमान, आरामखुर्चीत. पेपराआडून म्हणाले, ‘अगं, समुद्र तुझ्या साड्या बघायला येणार आहे का?’

‘तुम्ही गप्प बसा हो. तुम्हाला काय, एक लेंगा आणि एक सदरा, झाली काशीयात्रा!’

‘म्हणून तर मी सगळीकडे जाऊन आलो आणि तू बॅगा भरत राहिलीस,’ वामनराव म्हणाले. बाईंनी नाक मुरडलं. पण बोलणं लागलं हो मनाला. खरं होतं ना!

तेवढ्यात केतकी आली. म्हणाली, ‘आई, मी एक सांगू? जी वस्तू दोन कामांना येते तीच बॅगेत टाकायची. ही सुती साडी घ्या — चालायला होईल, रात्री झोपायला होईल, धुतली की तासाभरात वाळेल. ही शाल घ्या — बसमध्ये पांघरा, उशाला घ्या, देवळात पदरावरून घ्या. एक चांगली साडी मंडळाची. आणि आई, तुमचे बूट!’

‘बूट?’ अनसूयाबाई ओरडल्याच. ‘हळू बोल! भजनी मंडळात मी बूट घालून जाऊ? हसं होईल माझं!’

‘पण आई, नवे सँडल गडावर चावतील. पायाला सवय झालेलंच पायात हवं.’

‘चावू देत. सगळ्यांना चावतील तसे मला!’

बघा मंडळी! दुःखसुद्धा एकसारखं पाहिजे!

केतकी आत निघून गेली. आणि मग अनसूयाबाईंनी काय केलं? लाडवांचा डबा काढला. गडावर नैवेद्याला रव्याचे लाडू केले होते त्यांनी, भरपूर तूप घालून. आता डबा प्रवासात हलणार, झाकण वाजणार. तुमच्या-आमच्या घरात डब्याला काय गुंडाळतात? जुनी साडी! आईची एक धुवट, फिकट निळी सुती साडी होती, मऊ झालेली, विटलेली. नेसायच्या कामाची नाही, टाकवत नाही. ती डब्याला गुंडाळली. तरी डबा हलतोच! मग बाई इकडे बघतात, तिकडे बघतात. वामनराव पेपरात आहेत ना? आहेत. दबक्या पावलांनी न्हाणीघराकडे गेल्या, बूट आणले, आणि डब्याच्या दोन बाजूंना घट्ट बसवले.

स्वतःशीच म्हणाल्या, ‘डबा हलू नये म्हणून हो!’

पेपराआडून आवाज आला — ‘बरोबर आहे. डब्याला थंडी वाजेल, मोजेही ठेव.’

मोजेसुद्धा ठेवले!

निघाली बस! भजनं, भेंड्या, चिवडा. घाट उतरले. समुद्र आला. बाया सोनेरी सँडल घालून वाळूत उतरल्या. टाच रुतली! एक पाऊल टाकलं की सँडल वाळूत आणि बाई पुढे! वाळू पट्ट्याखाली गेली, पट्टा घासला, आणि संध्याकाळपर्यंत अनसूयाबाईंच्या उजव्या टाचेला टप्पोरा फोड. खोबरेल लावलं, रुमालाची चिंधी बांधली. शेजारी बाकीच्याही तेच करत होत्या — पण प्रत्येक जण पाठ फिरवून! दुसरीला दिसायला नको!

दुसरा दिवस. पहाट. अवधूतगडाचा पायथा. वर धुकं आणि जांभ्या दगडाच्या पायऱ्या — खडबडीत, उंच-सखल. जरीच्या साड्या नेसून मंडळ उभं. अनसूयाबाईंनी सँडलमध्ये पाय घातला आणि ‘आई गं!’ म्हणून भिंत धरली.

मंदाकिनीबाईंनी पाहिलं. काही वाईट हेतू नव्हता हो. काळजीनेच म्हणाल्या, ‘अनसूया, तुझे गुडघे, त्यात हा फोड. तू असं कर, खालीच बस. धर्मशाळेत सामान सांभाळ. आम्ही तुझ्या वतीने नमस्कार करू.’

मंडळी, काय वाटलं असेल? सगळं आयुष्य सामानच सांभाळलं होतं त्या बाईने! आज देव हाकेवर, आणि पुन्हा तेच — तू सामान सांभाळ! ‘नाही, मला यायचंय’ एवढे तीन शब्द. ओठांपर्यंत आले. पण भीड! भिडस्त माणूस काय म्हणतं? ‘बरं.’

बाया गेल्या. अनसूयाबाई बॅगांच्या गराड्यात एकट्या. वरून टाळांचा आवाज येतोय, लांब लांब जातोय. पदर डोळ्याला लावला. मनात म्हणाल्या, ‘आई, जमलं नाही गं मलापण.’

आणि नजर गेली कुठे? डब्यावर! नैवेद्याचा डबा खालीच राहिला! राहणारच! एका हाताने जरीचा काठ सावरायचा, दुसऱ्या हातात टाळ. डबा धरायला हात होता कुणाचा मोकळा? आता पादुकांपुढे काय ठेवणार? अनसूयाबाईंनी डबा ओढला. आईची निळी साडी सोडली. आणि दोन्ही बाजूंनी ते दोन बूट समोर आले!

बाई बुटांकडे बघताहेत. बूट बाईंकडे बघताहेत!

(तबलजी, द्या आता ठेका!)

*पायास जे सोसे, तेचि घालावे ।*
*अंगास जे रुचे, तेचि नेसावे ।*
*हात मोकळे ठेवोनि निघावे ।*
*यात्रेलागी ॥*

उठल्या अनसूयाबाई! आत गेल्या, जरीची साडी उतरवली, घडी केली. झोपायची सुती साडी नेसल्या, चांगली घोट्याच्या वर. फोडावर मऊ चिंधी, वर मोजा, त्यावर बूट. शालीची घडी डोक्यावर. सामान धर्मशाळेच्या व्यवस्थापकांच्या खोलीत ठेवून कुलूप लावायला लावलं. लाडवांचा डबा आईच्या साडीत बांधला, गाठोडं खांद्याला मारलं, दोन्ही हात मोकळे! आणि पहिल्या पायरीला हात लावून म्हणाल्या — ‘महाराज, नैवेद्य राहिला होता म्हणून येते हो!’

सवयच ती! देवालासुद्धा कारण सांगायचं!

चढू लागल्या. सावकाश. कृष्णेचा घाट रोज चढलेले पाय, ओळखीचे बूट. दम लागला की थांबायचं, चार श्वास घ्यायचे, पुन्हा निघायचं. आता धुकं विरलं. डाव्या हाताला खाली समुद्राची रेघ दिसायला लागली. करवंदाच्या जाळ्या, पाखरांची किलबिल. मंडळी, बाईंना आनंद झाला हो! कारण पाय काही मागत नव्हते, साडी काही मागत नव्हती. मग डोळे मोकळे झाले बघायला!

आणि गडाच्या निम्म्या वाटेवर काय दृश्य? एका वडाच्या पारावर सगळं भजनी मंडळ! मोतिया साड्या धुळीच्या रंगाच्या. सोनेरी सँडल ओळीने काढून ठेवलेले. कुणी टाच धरून बसलंय, कुणी अंगठा. अनवाणी जावं तर जांभा दगड टोचतो. सँडल घालावे तर कातडं निघतं. वरही जाता येईना, खालीही येता येईना! आणि मंदाकिनीबाई — एवढ्या तोऱ्याच्या बाई — टाचेतून रक्त येतंय आणि डोळ्यांतून पाणी.

अनसूयाबाई वळणावर आल्या. सगळ्यांनी मान वळवली. सुती साडी! घोट्याच्या वर! खाली बूट! अनसूयाबाईंना वाटलं, झालं! आता हसणार!

एक जण हसली का हो? नाही! एक जण हळूच म्हणाली, ‘अनसूयाबाई... असे बूट मिळतात कुठे?’

मंदाकिनीबाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, ‘डबा द्यायला आलीस होय गं? ठेव इथे. आता वर जाणं कुणाच्याच नशिबात नाही.’

ऐका मंडळी! इथे अनसूयाबाईंना कारण तयार होतं. ‘हो, डबा द्यायला आले’ म्हटलं असतं, की संपलं. पण एवढा डोंगर स्वतःच्या पायांनी चढून आलेली बाई ती! गाठोडं पारावर ठेवलं आणि म्हणाल्या —

‘नाही, मंदाताई. मी डबा द्यायला नाही आले. मी गायला आले. मला वर यायचंच होतं. लहानपणापासून यायचं होतं. मघाशी खालीच सांगायला हवं होतं, पण नाही सांगितलं.’

मंदाकिनीबाईंनी अनसूयाबाईंचा हात धरला. मग म्हणाल्या, ‘अगं, मग बोलायचं नाहीस का? आणि खरं सांगू? मलाही ते सँडल दुकानातच चावले होते. पण तुम्ही सगळ्या छान छान म्हणालात!’

‘आम्ही? तुम्हीच म्हणालात म्हणून आम्ही म्हणालो!’

आणि एकेक जण हसायला लागली! पायाला फोड आणि हसून हसून डोळ्यांत पाणी. म्हणजे हवे होते कुणाला ते सँडल? एकीलाही नको होते!

अनसूयाबाईंनी गाठोडं सोडून डबा बाजूला ठेवला. आईची निळी साडी हातात घेतली. जरा थांबल्या. आईची हो! मग पदराचं टोक दातात धरलं आणि — टर्रर्र! धुवून धुवून मऊ झालेलं सूत. त्याच्यासारखं पायाला दुसरं काही नाही. एक पट्टी मंदाकिनीबाईंच्या टाचेला. एक शेजारणीच्या अंगठ्याला. तळव्याखाली जाड घडी, वरून गाठ. एक स्वतःच्या फोडाला. साडी मोठी होती, सगळ्यांना पुरली. शेवटचा तुकडा उरला, त्यात डबा पुन्हा बांधला.

सँडल? पाराखाली ठेवले. चोरील कोण? ज्याने चोरले असते, त्याच्याकडे देवानेच बघून घेतलं असतं!

चढलं मंडळ! निळ्या पट्ट्या बांधलेले सगळे पाय, हळूहळू, एकमेकींचा हात धरून. आणि आले वर! लहानसं देऊळ. भन्नाट वारा. अनसूयाबाईंनी दाराशी बूट-मोजे काढले, बाकीच्यांनी पट्ट्या काढल्या नाहीत — पुजारीबुवा म्हणाले, ‘असू द्या, त्या सुताच्याच आहेत.’ आणि समोर पादुका!

मंडळी, विचार करा. देवाने आपल्यासाठी मागे काय ठेवलं? मुकुट ठेवला? भरजरी शेला ठेवला? नाही! ज्या पायांनी तो गावोगाव हिंडला, त्या पायांची खूण ठेवली.

अनसूयाबाई बसल्या. लाडू ठेवले. डोळे मिटले आणि आईचं पद लावलं. दम लागलेला होता, वरचा सूर जरा हलला. हलू दे! वाऱ्यावर तो आवाज असा गेला, की पुजारीबुवांच्या हातातली घंटा तशीच राहिली. दुसऱ्या कडव्याला सगळ्या बाया रडत होत्या, आणि अनसूयाबाई? हसत होत्या! ‘आई, आले गं,’ एवढंच म्हणाल्या.

मग फोटो! देवळाच्या पायरीवर सगळ्या बसल्या. साड्या चुरगळलेल्या, केस उडालेले. पण पायाला? प्रत्येकीच्या पायाला एकाच साडीची निळी पट्टी! मंदाकिनीबाई म्हणाल्या, ‘बघा! दिसलो की नाही शेवटी एकसारख्या?’

तो फोटो आला पेपरात. आणि खालच्या आळीच्या मंडळाने काय केलं माहीत आहे? पुढच्या वर्षी त्या गेल्या सहलीला — धडधाकट पायांना, घरूनच, निळ्या पट्ट्या बांधून! म्हणाल्या, ‘वरच्या आळीत हल्ली अशीच पद्धत आहे!’

आता काय करावं या जगाला!

वरच्या आळीत मात्र फरक पडला. हल्ली कृष्णेच्या घाटावर चांगलं उजाडल्यावर साडीवर बूट घातलेल्या बायांची रांगच्या रांग चालते. पुढे अनसूयाबाई, शेजारी मंदाकिनीबाई. आणि वामनराव? पेपर वाचतात आणि चहा करून ठेवतात. एवढी सुधारणा झाली!

तर मंडळी, पोरांच्या परीक्षा संपल्या. आज-उद्या तुमच्याही घरी माळ्यावरून बॅगा निघतील. पलंगावर कपड्यांचे ढीग पडतील. त्या ढिगातला एकेक कपडा हातात घ्या आणि विचारा — बाबा रे, तू माझ्यासाठी येतोयस, की शेजाऱ्यांसाठी? शेजाऱ्यांसाठी येत असेल तर त्याला शेजाऱ्यांकडेच ठेवून जा! अंगाला सुटसुटीत, दोन कामांना येईल असं घ्या. पायात ओळखीचं घाला. आणि घरातली जी माउली सगळ्यांच्या बॅगा भरते ना, तिला एकदा विचारा — ‘तुला कुठे जायचंय?’ आणि तिने ‘मला काय, कुठेही’ म्हटलं, तर पुन्हा विचारा!

चला, गजर होईल, आरती होईल, प्रसाद घ्या. मग बाहेर जाल, अंधारात आपापल्या चपला शोधाल. पाय आत घातला की क्षणभर थांबा. चावत असेल, तर पाय बोलतोय. त्याचं घरी पोचेपर्यंत ऐका.

आणि खांबाजवळचे काका — जा आता, बघून या! आजोबांच्या चपला तेवढ्या तुमच्या समजून घालू नका... नाहीतर घाला! बघा, किती सुखाने घरी पोचाल!

बोला, गुरुदेव दत्त!